दीडशे रुपयांची खुर्ची आणि बाहेरचा जिना

नायगावात, दादर टीटीहून चालत बारा-पंधरा मिनिटांवर, एका सार्वजनिक मंडळाची अभ्यासिका आहे. एफवायच्या, म्हणजे पदवीच्या पहिल्या वर्षाच्या, दुसऱ्या सेमिस्टरपासून मी तिथे जाते, आता एम.ए.चं पहिलं वर्ष चालू आहे, म्हणजे तीन वर्षं झाली. मंडळाचं नाव लिहीत नाही, कारण पुढे तक्रारही आहे आणि ती चालवणारी माणसं आपापल्या नोकऱ्या सांभाळून, एक पैसा न घेता हे काम करतात. त्या भागात कुणालाही विचारलंत तरी रस्ता दाखवतील.

आधी व्यवहाराचं सांगते. महिन्याला १५० रुपये. सुरुवातीला ५०० रुपये अनामत, ती सोडताना परत मिळते. दोन फोटो, कॉलेजचं ओळखपत्र आणि रेशनकार्डाची झेरॉक्स लागते. पहिल्या मजल्यावर मुलांचा हॉल, ६० खुर्च्या. दुसऱ्यावर मुलींची खोली, १८ खुर्च्या. पिण्याचं पाणी गार असतं, संडास स्वच्छ असतो (मुलींसाठी ही पहिली बघायची गोष्ट आहे, बाकीचं नंतर). वायफाय नाही आणि नको. मी दादरमधल्या दोन खासगी रीडिंग रूममध्ये चौकशी केली होती. तिथे एसी आहे, गुबगुबीत खुर्ची आहे, पण एका महिन्याच्या फीमध्ये इथे माझं अख्खं शैक्षणिक वर्ष निघतं.

मला अभ्यासिका का लागली, तर आम्ही बीडीडी चाळीत वाढलो. १६० चौरस फुटांची एक खोली, त्यात आजी, आई, बाबा, मी आणि धाकटा भाऊ. आजीला ऐकू कमी येतं, त्यामुळे संध्याकाळी सातपासून टीव्ही मोठ्याने. तिला आवाज कमी करायला सांगणं माझ्या जिवावर यायचं, कारण दिवसभरात तिची करमणूक ती तेवढीच. बारावीचा अभ्यास मी पहाटे चार ते सात असा केला, मोरीच्या कडेला पाट टाकून. कॉलेजात गेल्यावर ते जमेना.

माझं कॉलेज माटुंग्याचं रुईया, विषय मानसशास्त्र. पहिल्या सहा महिन्यांत तिथे मला नऊ मैत्रिणी-मित्र मिळाले. शाळेत मी फारशी कुणात मिसळणारी नव्हते, त्यामुळे त्या नऊजणांचं मला किती अप्रूप होतं हे आज सांगूनही कळायचं नाही. लेक्चर संपलं की रुईया नाक्यावर दीड-दोन तास. कुणीतरी वडापाव आणायचं, कुणाचं तरी प्रेमप्रकरण असायचं, कुणाला तरी घरी जायचं नसायचं. संध्याकाळी मी हिंदू कॉलनीतून चालत घरी यायची ती हसत हसत. पहिल्या सेमिस्टरचा निकाल लागला तेव्हा स्टॅटिस्टिक्सची इंटर्नल जेमतेम निघाली होती. बाबांनी मार्कशीट वाचून घडी घातली, खिशात ठेवली आणि एवढंच विचारलं, "बाळा, जागा नाही म्हणून होतंय का?" त्यांच्या प्रश्नाला मी हो म्हणाले. ते पूर्ण खरं नव्हतं. दुसऱ्याच दिवशी बाबा मला इथे घेऊन आले आणि खिशातून अनामत रक्कम मोजून दिली.

जागेबद्दल सांगायचं तर खिडकीजवळची तिसरी खुर्ची सर्वांत चांगली. तिथे दुपारी चारनंतर ऊन येत नाही आणि पंख्याचा वारा नेमका मानेवर न येता हातावर येतो, म्हणजे कागद उडत नाहीत. टेबलांना दोन्ही बाजूंनी प्लायवूडची पार्टिशनं आहेत. आधीच्या मुलींनी त्यावर पेन्सिलने काहीबाही लिहून ठेवलंय. बहुतेक वेळापत्रकं आणि देवाची नावं. तिसऱ्या खुर्चीच्या पार्टिशनवर डाव्या कोपऱ्यात बारीक, ठसठशीत अक्षरांत लिहिलंय: "सोम: अकाउंट्स. मंगळ: आईचा दवाखाना. बुध: सुमीचं लग्न, जायचंच." 'जायचंच'खाली दोन रेघा. ही कुठल्या सालातली मुलगी, पास झाली का, लग्नाला गेली का, मला ठाऊक नाही. पण पहिल्या आठवड्यात, जेव्हा मी नाक्याकडे जायचं बंद करून रोज इथे येत होते आणि आत कुठेतरी खूप एकटं वाटत होतं, तेव्हा मी त्या दोन रेघांकडे बघत बसायची.

इथले नियम कडक आहेत. दारातल्या टेबलावर एक काका बसतात. पोस्टातून निवृत्त झालेले, पांढरा सदरा, खिशाला दोन पेनं. नोंदवहीत नाव, वेळ, सही. मोबाइल बंद करून त्यांच्याकडे द्यायचा. तो ते नंबर घातलेल्या लाकडी खणात ठेवतात. खोलीत बोलायचं नाही, कुजबुजसुद्धा नाही. बॅग ठेवून जागा अडवायची नाही. अर्ध्या तासाहून जास्त वेळ खुर्ची रिकामी दिसली तर काका सामान उचलून बाहेर आणून ठेवतात. हा शेवटचा नियम मुलांच्या हॉलमध्ये तितकासा पाळला जात नाही असं ऐकलंय. एमपीएससीची तयारी करणारे दादा सकाळी सहाला येऊन बॅगा ठेवतात आणि अंघोळीला घरी जातात म्हणे. मुलींच्या खोलीत मात्र मी तीन वर्षांत कुणाची जागा अडलेली पाहिली नाही.

अभ्यास होतो का? होतो. खूप होतो. तीन तासांत घरचा आठवडाभराचा अभ्यास होतो. पण मला या अभ्यासिकेबद्दल खरं सांगायचंय ते खोलीबद्दल नाहीच. ते तिच्या बाहेरच्या जिन्याबद्दल आहे.

दुसऱ्या मजल्यावरून गच्चीकडे जाणारा लाकडी जिना आहे, जुना, मधल्या पायऱ्या झिजून खोलगट झालेला. गच्चीला कुलूप असतं, म्हणून त्या जिन्यावरून कुणाची ये-जा नाही. बोलायचं असेल तर तिथे बसायला काकांची परवानगी आहे, अट एकच, आवाज खोलीत येता कामा नये. माझ्यामागोमाग दोघीजणी इथे सभासद झाल्या. एक कळव्याहून यायची, एक चेंबूरहून. आम्ही एकमेकींना स्टेशनच्या नावानेच हाक मारतो. मी खरं तर नायगाव, पण नायगाव म्हटलं की सगळ्यांना वसईजवळचं वाटतं, म्हणून मी दादर. नऊजणांच्या ग्रुपमधल्या बाकीच्या सातजणांशी बोलणं होतं, वाढदिवसाचे मेसेज होतात. ते सातजण वाईट नव्हते. मला दोन्ही जमत नव्हतं, आणि कळवा-चेंबूरला जमवायचं होतं, एवढाच फरक.

कळव्याची माटुंग्याला यायची स्लो लोकल, कारण माटुंग्याला फास्ट थांबत नाही. लेक्चर संपल्यावर ती आमच्याबरोबर चालत नायगावला येणार आणि आठच्या आत दादरला गाडी पकडणार. म्हणजे तिच्याकडे अभ्यासिकेचे चार तास असायचे. आम्ही ते असे वाटले: पावणेदोन तास आत, वीस मिनिटं जिना, पुन्हा पावणेदोन तास आत. जिन्यावर प्रत्येकीने पाच प्रश्न विचारायचे, पुस्तक बंद ठेवून. जिची उत्तरं सर्वांत कमी बरोबर, तिने खालच्या टपरीवरून तीन कटिंग आणायचे.

याला शास्त्र आहे, आणि ते आम्हाला अभ्यासक्रमातच मिळालं. हर्मान एबिंगहाउस नावाच्या जर्मन मानसशास्त्रज्ञाने स्वतःवरच केलेले प्रयोग १८८५ साली प्रसिद्ध केले होते. निरर्थक अक्षरांच्या याद्या पाठ करायच्या आणि किती वेळात किती विसरतो ते मोजायचं. त्याला दिसलं की विसरणं सर्वांत वेगाने होतं ते अगदी सुरुवातीच्या तासांत, नंतर वेग मंदावतो. त्याहून उपयोगाचा आम्हाला वाटला तो २००६ चा रोडिगर आणि कार्पिकी यांचा प्रयोग. विद्यार्थ्यांना उतारे दिले. काहींनी उतारा पुन्हा पुन्हा वाचला, काहींनी एकदा वाचून मग आठवून लिहिला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तर पुन्हा वाचणारे पुढे. आठवड्याने घेतली तर आठवून लिहिणारे पुढे. हे वाचलं त्या दिवशी चेंबूर जिन्यावर उभी राहून म्हणाली, "म्हणजे आपण जे करतोय तेच!" आणि आत जाऊन पुन्हा बसेपर्यंत तिच्या चेहऱ्यावरचा आनंद गेला नव्हता.

एक दिवस मला अजून जसाच्या तसा आठवतो. पियाजे या मानसशास्त्रज्ञाचा 'ऑब्जेक्ट परमनन्स' मला काही केल्या नीट सांगता येत नव्हता. व्याख्या पाठ होती, पण अर्थ डोक्यात बसत नव्हता. कळवा म्हणाली, थांब. तिचा भाचा तेव्हा सात-आठ महिन्यांचा होता. तिने डब्यातली स्टीलची वाटी पायरीवर ठेवली आणि वर रुमाल टाकला. "दोन महिन्यांपूर्वी असं केलं ना, तर तो दुसरीकडे बघायला लागायचा. त्याच्यासाठी वाटी संपली. जगातूनच गेली. आता तो रुमाल ओढतो. त्याला कळलंय की दिसत नसली तरी वाटी आहे." तिने रुमाल ओढला. वाटीच्या तळाशी मटकीच्या उसळीचे दोन दाणे होते. परीक्षेत तो प्रश्न आला तेव्हा मी दोन पानं लिहिली आणि लिहिताना मला ते दोन दाणे दिसत होते. एकटी त्या खोलीत बसून मला हे कधीच आलं नसतं. आणि ती खोली नसती तर जिन्यावर आम्ही फक्त गप्पा मारल्या असत्या, हेही तितकंच खरं.

आता ज्या दिवसामुळे मला हे सगळं लिहावंसं वाटलं तो दिवस.

एसवायचा एप्रिल, चौथं सेमिस्टर. दुसऱ्या दिवशी पेपर होता. कळवा त्या दिवशी घरीच अभ्यास करणार होती. मी सकाळी दहाला फोन काकांच्या खणात ठेवला आणि दुपारी सव्वादोनला उठले. इतका चांगला अभ्यास त्या अख्ख्या वर्षात झाला नव्हता. फोन चालू केला तर मेसेजची रांग लागली. अकरा मिस्ड कॉल, सगळे कळव्याचे. तिचे बाबा परळला एका प्रेसमध्ये कामाला होते. कामावर असताना छातीत दुखून ते कोसळले, सहकाऱ्यांनी केईएम हॉस्पिटलमध्ये नेलं. कळवा आणि तिची आई लोकलने निघाल्या. त्या पोहोचेपर्यंत तिथे घरचं कुणीतरी हवं होतं. नायगावहून केईएम टॅक्सीने दहा-पंधरा मिनिटं. मी एवढ्या जवळ होते.

मी पोहोचले तेव्हा तीन वाजत आले होते. चेंबूर आधीच आलेली होती, तिने कळव्याच्या आईला बाकावर बसवून पाणी पाजलं होतं. तिचे बाबा आत होते, अँजिओप्लास्टी होणार होती. कळवा कागदपत्रांची पिशवी छातीशी धरून भिंतीला टेकून उभी होती. मी काही बोलायच्या आत तीच म्हणाली, "तू जा ग. उद्या पेपर आहे तुझा."

तुझा म्हणाली. पेपर तिचाही होता.

तिचे बाबा वाचले, आता ठणठणीत आहेत. पेपर तिने दिला नाही. निकाल लागला तेव्हा त्या विषयात आमच्या वर्गात माझे मार्क सर्वांत जास्त होते आणि तिच्या त्याच रकान्यात गैरहजर. मार्क बघून घरी पेढे आणले. मी एक तोंडात घातला आणि तो मला गिळता येईना.

आमच्यात भांडण झालं नाही, ते जास्त वाईट होतं. दोन आठवडे ती मेसेजला 'हो', 'बरं', 'बघते' एवढंच उत्तर द्यायची. मग एका रविवारी मी न सांगता कळव्याला गेले, त्या विषयाच्या सगळ्या नोट्स घेऊन. तिचे बाबा कॉटवर बसून पेपर वाचत होते. आईने कांदेपोहे केले. ते खाल्ले, निघायची वेळ झाली, ती मला स्टेशनपर्यंत सोडायला आली आणि फलाटावर म्हणाली, "मला फोन उचलला नाहीस याचा राग नाहीये. तिथे परळला मला तुझ्याशिवाय कुणी माहीतच नव्हतं." गाडी आली, मी सोडली. पुढचीही सोडली. तिसऱ्या गाडीपर्यंत आम्ही दोघी फलाटाच्या बाकावर बसून रडत होतो.

तिच्या केटीची, म्हणजे राहिलेल्या पेपरच्या फेरपरीक्षेची, तयारी आम्ही जिन्यावरच केली, जून महिन्यात, पावसात गच्चीच्या दारातून पाणी यायचं तिथे गोणपाट टाकून. माझा तो पेपर कधीच झाला होता. त्या महिन्यात मला दुसरं काहीही वाचायचं नव्हतं. ती सुटली, चांगल्या मार्कांनी सुटली.

काकांना हे कळलं ते मी सांगितलं म्हणून. मला त्यांच्यावर आळ घ्यायचा नव्हता, नियम मीच मान्य केला होता. पण सांगताना माझा आवाज चढला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा काढून पुसला, आणि म्हणाले, "पोस्टात तार आली की जेवता जेवता उठून द्यायला जायचो आम्ही." त्याच आठवड्यात दारावरच्या फळ्यावर त्यांचा स्वतःचा मोबाइल नंबर आला. नोंदवहीत नवा रकाना आखला गेला: 'कोणाचा फोन आल्यास उठवावे'. आता कुणासाठी तसा फोन आला तर काका चपला बाहेर काढून आत येतात आणि टेबलावर बोटाने दोनदा टकटक करतात. बाकी कुणाला कळतही नाही. मोबाइल मात्र खणातच राहतो, आणि राहायला हवा. तो टेबलावर असता तर माझं काय होतं हे पहिल्या सेमिस्टरमध्ये मी बघितलंय.

आता तक्रार. मुलांचा हॉल चोवीस तास उघडा असतो. मुलींची खोली रात्री नऊला बंद. कारण विचारलं तर "जबाबदारी कोण घेणार?" ज्या मुलीच्या घरी एका खोलीत पाच माणसं झोपतात तिला रात्री नऊनंतरच शांतता लागते, आणि नेमकी तेव्हाच तिला बाहेर काढतात. आम्ही टीवायला असताना अर्ज केला, २३ सह्यांचा. त्यात सातजणींच्या आई-बाबांच्या सह्या होत्या, माझ्या बाबांची पहिली. तीन बैठकांनंतर समितीने मान्य केलं की परीक्षेच्या काळात, म्हणजे मार्च-एप्रिल आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, खोली अकरापर्यंत उघडी राहील. मिळालं त्याबद्दल आभार आहेत. पण ६० खुर्च्यांना चोवीस तास आणि १८ खुर्च्यांना अकरा वाजेपर्यंत, तेही वर्षातून चार महिने, हा न्याय नाही, आणि बदलेपर्यंत मी अर्ज करत राहणार आहे. पाचपैकी एक तारा मी या एका गोष्टीसाठी कापते. चार देते.

कुणी जावं? ज्यांना घरी जागा नाही त्यांनी तर जावंच. मोठ्या आवाजात वाचल्याशिवाय ज्यांच्या डोक्यात शिरत नाही त्यांना इथे कठीण जाईल. नुसत्या संदर्भासाठी पुस्तकं हवी असतील तर जवळच मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय आहे, १८९८ मध्ये स्थापन झालेलं; मी प्रोजेक्टसाठी तिथे जाऊन टिपणं काढते आणि मग इथे येऊन बसते. आणि जमलं तर एकटीने येऊ नका. एक किंवा दोन मैत्रिणींना सभासद करून घ्या, चारजणी झालात तर जिना पुरत नाही. सगळ्या एकाच विषयाच्या नसल्या तरी चालतं. चेंबूर टीवायला अर्थशास्त्राकडे गेली, तरी आम्ही एकमेकींना प्रश्न विचारत राहिलो. उत्तर बरोबर की चूक ते कळायला आधी तिला मला पूर्ण समजावून सांगावं लागायचं, आणि त्यातच तिचा अभ्यास व्हायचा.

सध्या कळवा पुण्याला शिकते, चेंबूर नोकरी करून संध्याकाळी सातनंतर येते. जानेवारीत सभासदत्वाचं नूतनीकरण करायला गेले. काकांनी नवी नोंदवही काढली होती, निळ्या शाईने रकाने आखलेली. 'कोणाचा फोन आल्यास उठवावे' तिथे मी आईचा नंबर लिहिला, आणि खाली अजून दोन. काकांनी चष्मा कपाळावर सरकवून वाचलं.

"ही काय ग, स्टेशनं लिहिलीस?"

"लिहू दे ना काका. फोन आला की त्या हेच नाव सांगतील."

त्यांनी पेन घेतलं आणि दोन्ही नावांखाली रेघ मारली.